नम्रतेची मोजणी कोणी करायची?

‘मी अत्यंत नम्र आहे’ या विधानापुढे ‘पूर्ण सहमत’ या रकान्यात खूण करणाऱ्या माणसाला नम्रतेचे किती गुण द्यावेत, हा प्रश्न वरवर पाहता विनोदी वाटतो. पण नम्रतेचा शास्त्रीय अभ्यास करू पाहणाऱ्यांचे पाऊल आधी अडले ते याच उंबरठ्यावर. चिंता, एकटेपणा किंवा आत्मविश्वास यांच्याबद्दल माणसाला थेट विचारता येते, कारण ‘मला चिंता वाटते’ असे म्हटल्याने कोणाची चिंता खोटी ठरत नाही. नम्रतेचे तसे नाही. ती असल्याचा दावा केला की त्या दाव्याबद्दलच शंका येते, आणि ‘छे, मी कुठला नम्र!’ असे म्हणणारा माणूस खरोखर उद्धट आहे की मुरलेला नम्र आहे, हे त्याच्या उत्तरावरून ओळखता येत नाही. महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवताना व्यक्तिमत्त्वमापनाचे प्रकरण आले की मी हे उदाहरण हमखास देते. त्या प्रकरणात न मावणारे बरेच काही या प्रश्नामागे आहे, आणि या विषयावरचे शोधनिबंध सलग वाचल्यावर माझे जे मत झाले ते असे: नम्रता मोजण्याचे काम स्वतःकडून काढून दुसऱ्याकडे सोपवले की मोजणी सुधारते खरी, पण त्याबरोबर त्या दुसऱ्याच्या अपेक्षाही मोजमापात शिरतात, आणि मग आपण माणसाचा गुण मोजतो आहोत की त्याची पायरी, हे सांगणे अवघड होऊन बसते.

या संशोधनाची अलीकडची सुरुवात जून टँगनी यांच्या २००० सालच्या लेखापासून धरायला हरकत नाही. टँगनी या लाज आणि अपराधीपणा या भावनांच्या अभ्यासासाठी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. मानसशास्त्राने नम्रतेकडे फारसे लक्षच दिलेले नाही, अशी तक्रार करून त्यांनी तिची लक्षणे मांडली: आपल्या क्षमतांचा आणि यशाचा वास्तव अंदाज असणे, चुका, उणिवा आणि ज्ञानाच्या मर्यादा कबूल करता येणे, विरोधी मत ऐकून घेण्याइतके मन मोकळे असणे, जगाच्या पसाऱ्यात आपली जागा केवढी हे ओळखणे, स्वतःतच गुंतून न पडणे आणि इतरांच्या निरनिराळ्या गुणांची कदर करणे. या यादीत स्वतःला कमी लेखणे कुठेही नाही. सत्काराला उत्तर देताना ‘मी कसला मोठा, हे सगळे आपले प्रेम’ असे जे आपल्याकडे ठरल्यासारखे म्हटले जाते, ते टँगनींच्या हिशेबाने फार तर शिष्टाचारात जमा होईल.

तत्त्वज्ञांमध्ये याच मुद्द्यावर आधीच जुंपली होती. ज्युलिया ड्रायव्हर यांनी १९८९ साली असे प्रतिपादन केले की, विनयशील माणसाला स्वतःची खरी किंमत ठाऊक नसते. तो स्वतःला थोडे कमी लेखतो, आणि हे अज्ञान हाच त्याच्या विनयाचा गाभा होय. ओवेन फ्लॅनॅगन यांनी पुढच्याच वर्षी उत्तर दिले की, विनयाला अज्ञानाची गरज नाही. स्वतःला आहे त्याहून अधिक न समजणे एवढे पुरेसे आहे. हा वाद वाचताना मला सारखी आठवण होत होती ती ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायाची. गीतेने ज्ञानाच्या लक्षणांत पहिले लक्षण ‘अमानित्व’ हे सांगितले आणि पुढच्या शब्दाकडे वळली. ज्ञानेश्वर मात्र त्या एका शब्दावर ओव्यांमागून ओव्या थांबतात. त्यांचा अमानी पुरुष कोणी मान दिला की व्याधाने कोंडलेल्या हरणासारखा कासावीस होतो, आपली कीर्ती कानांवर पडू नये असे त्याला वाटते, आणि बृहस्पतीच्या तोडीची सर्वज्ञता असूनही मोठेपणाच्या भयाने तो वेडेपणात दडून बसतो. येथे अज्ञान नाही, आणि बाहेरून दिसणारा वास्तव अंदाजही नाही. येथे पूर्ण ज्ञान आहे आणि ते जाणूनबुजून झाकलेले आहे. ड्रायव्हरबाईंच्या व्याख्येत हा पुरुष बसणार नाही, टँगनींच्या व्याख्येत अर्धामुर्धा बसेल, आणि त्याच्या हाती प्रश्नावली दिलीच तर तो ती उलटीसुलटी भरून परत करील. एकाच माणसाला तीन व्याख्या तीन वेगवेगळे गुण देत असतील, तर मापनी तयार करण्याआधी आपण नेमके काय मोजणार आहोत हे ठरवणे भाग आहे. पुष्कळ शोधनिबंधांत हा निर्णय एका परिच्छेदात उरकलेला दिसतो, आणि त्या घाईची किंमत पुढच्या सगळ्या आकडेमोडीला मोजावी लागते.

व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासकांनी वेगळी वाट धरली. मायकल ॲश्टन आणि किबॉम ली या कॅनडातल्या जोडीने व्याख्या करण्याऐवजी शब्दकोश उघडले. माणसाचे वर्णन करणारी विशेषणे घ्यायची, लोकांना ती स्वतःला वा ओळखीच्यांना लावून पाहायला सांगायचे, आणि कोणती विशेषणे एकत्र गट करून येतात ते संख्याशास्त्राने शोधायचे, अशी ही जुनी पद्धत आहे. डच, फ्रेंच, जर्मन, हंगेरियन, इटालियन, कोरियन आणि पोलिश या भाषांतल्या अभ्यासांचा एकत्र विचार करून त्यांनी २००४ मध्ये दाखवले की, व्यक्तिमत्त्वाच्या सर्वमान्य पाच मूलभूत गुणांच्या जोडीला एक सहावा गट वारंवार येतो. त्याला त्यांनी ‘प्रामाणिकपणा-नम्रता’ असे जोडनाव दिले. प्रांजळपणा, न्यायबुद्धी, हाव नसणे आणि विनय हे त्याचे चार पैलू. मला यातले विशेष वाटते ते हे की, इतक्या वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांनी नम्रतेला लाजाळूपणाच्या शेजारी न बसवता निर्लोभाच्या शेजारी बसवले. त्यांच्या प्रश्नावलीतली विधानेही हुशारीने केलेली आहेत: ‘मी नम्र आहे का’ असे न विचारता, इतरांपेक्षा अधिक मान मिळण्याचा आपल्याला हक्क आहे असे वाटते का, अशा अंगाने ती विचारतात आणि ‘होय’ म्हणणाऱ्याचे गुण कापतात. तरीही चतुर माणसाला कोणते उत्तर शोभून दिसेल हे कळतेच, आणि नोकरीच्या निवडीसाठी अशी चाचणी घेतली तर काय होईल ते सांगायला नको.

या अडचणीवर वेड रोवॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक तोड काढून पाहिली. संगणकाच्या पडद्यावर शब्द झरझर येतात, त्यांची दोन कळांवर विभागणी करायची, आणि ‘मी’ व ‘नम्र’ यांची सांगड घालायला माणसाला ‘मी’ व ‘गर्विष्ठ’ यांच्या तुलनेत किती वेळ लागतो हे मोजायचे. पद्धत चलाख आहे, पण क्षणार्धातल्या फरकावरून माणसाच्या स्वभावाचा निवाडा करावा असे मला वाटत नाही. त्यापेक्षा डॉन डेव्हिस, एव्हरेट वर्दिंग्टन आणि जोशुआ हुक यांचा मार्ग सरळ आहे: ज्याची नम्रता मोजायची त्याला विचारूच नका, त्याच्या जोडीदाराला, मित्राला, सहकाऱ्याला विचारा, आणि विचारताना नम्रता जिथे टिकवणे कठीण जाते त्या प्रसंगांबद्दल विचारा, म्हणजे भांडणात, श्रेयाच्या वाटपात, कौतुक होत असताना. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून स्थळाची चौकशी करणाऱ्या आपल्या मावश्या-आत्यांना ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

दुसऱ्याला विचारण्याची ही पद्धत सर्वांत अधिक रुजली ती व्यवस्थापनशास्त्रात. जिम कॉलिन्स यांनी २००१ मध्ये यशस्वी कंपन्यांच्या प्रमुखांबद्दल लिहिताना वैयक्तिक नम्रता आणि व्यावसायिक जिद्द यांचे मिश्रण हे त्यांचे लक्षण असल्याचे सांगितले होते, पण ते यशस्वी कंपन्या आधी निवडून मागे वळून केलेले वर्णन होते. ब्रॅडली ओवेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली नऊ विधानांची एक मापनी सिद्ध केली. ती हाताखालच्या वा बरोबरच्या माणसांनी भरायची असते आणि तीन गोष्टी विचारते: हा माणूस स्वतःकडे वास्तव नजरेने पाहतो का, इतरांचे गुण आणि हातभार यांची दखल घेतो का, आणि शिकायला तयार असतो का. या मापनीमुळे संशोधनाला वेग आला. चीनमधल्या ६३ खासगी कंपन्यांच्या अभ्यासात एमी ऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की, नम्र मुख्याधिकाऱ्यांच्या भोवतीचे वरिष्ठ व्यवस्थापक अधिक एकजुटीने काम करतात आणि त्याचा परिणाम खाली मधल्या फळीपर्यंत झिरपतो.

त्यानंतर मात्र चित्र गुंतागुंतीचे होऊ लागले, आणि माझ्या मते या विषयातला खरा रस तिथूनच सुरू होतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीनमधल्या ११ माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांतले ७२ चमू तपासले होते. ज्या चमूंत वरिष्ठ-कनिष्ठ हे अंतर फारसे मानले जात नव्हते, तिथे प्रमुखाची नम्रता फळाला आली. माणसे एकमेकांना अधिक माहिती देऊ लागली. पण ज्या चमूंची अपेक्षाच अशी होती की साहेबाने साहेबासारखे वागावे आणि निर्णय द्यावा, तिथे नम्र प्रमुखामुळे लोकांना बोलण्याची भीड कमी होण्याऐवजी वाढली. आपल्याकडच्या कचेऱ्यांतल्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचे नवल वाटू नये. साहेब म्हणतात, ‘यातले मला फारसे कळत नाही, तुम्हीच सांगा काय करायचे ते’. टेबलाभोवतीचे सगळे जण आपापल्या डायरीत डोके घालतात, कारण हा खरा प्रश्न आहे, परीक्षा आहे की उद्या अंगाशी आले तर कोणावर ढकलायचे याची तरतूद आहे, हे कोणालाच उमगत नाही. शेवटी जो सर्वांत ज्येष्ठ असतो तो म्हणतो, ‘साहेब, तुम्ही म्हणाल तसे.’ साहेबांच्या मनात त्या क्षणी खरीखुरी नम्रता असेलही. समोरच्या नऊ विधानांच्या कागदावर ती उमटेल की नाही, हे टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांचे आजवरचे अनुभव ठरवतात.

ओवेन्स आणि डेव्हिड हेकमन यांनी २०१२ मध्ये ५५ नेत्यांच्या सविस्तर मुलाखती घेऊन लिहिलेल्या निबंधात यापुढची पायरी आहे. त्यांना असे आढळले की, अनुभवी गोऱ्या पुरुष अधिकाऱ्याने आपली चूक किंवा मर्यादा कबूल केली की लोकांना त्याचे कौतुक वाटते; तरुण, गोरेतर किंवा स्त्री अधिकाऱ्यांकडून मात्र नम्रतेची अपेक्षा मुळातच अधिक असते, त्यामुळे ती दाखवली तर श्रेय मिळत नाही, आणि शिवाय आपण या पदाला लायक आहोत हे त्यांना रोज नव्याने सिद्ध करावे लागते. आपल्याकडे नेतृत्वावरच्या प्रत्येक व्याख्यानात सतीश धवन यांची गोष्ट सांगितली जाते: १९७९ साली एसएलव्ही-३ या उपग्रह-प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण फसले तेव्हा पत्रकारांना धवन स्वतः सामोरे गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी घेतली, पुढच्या वर्षी जुलैमध्ये उड्डाण यशस्वी झाले तेव्हा त्यांनी अब्दुल कलाम यांना पुढे केले. गोष्ट खरी आहे, स्वतः कलामांनी सांगितलेली आहे, आणि ती कितीदाही ऐकली तरी धवन यांच्याविषयीचा आदर वाढतोच. पण ती सांगणारे एक गोष्ट बोलत नाहीत. धवन तेव्हा इस्रोचे अध्यक्ष होते, आणि अपयश अंगावर घेण्यासाठी आधी ते पेलण्याइतके पद अंगावर असावे लागते. प्रकल्पातल्या एखाद्या कनिष्ठ अभियंत्याने त्याच दिवशी ‘चूक माझी’ म्हटले असते, तर त्याची गोष्ट कोणत्याही व्याख्यानात आली नसती.

धर्माच्या इतिहासात हाच पेच फार जुना आहे. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी घालून दिलेल्या नियमांत नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत; सातवी पायरी अशी की, आपण सर्वांहून हीन आहोत हे केवळ जिभेने न म्हणता मनापासून मानावे. ज्याला जन्माने मान मिळत आला आहे त्याने ही पायरी चढणे ही साधना आहे. पण जो जन्मापासून हेच ऐकत आला आहे, त्याने काय चढायचे? व्हॅलरी सेव्हिंग यांनी १९६० साली ख्रिस्ती धर्मशास्त्राला हा प्रश्न स्त्रियांच्या बाजूने विचारला. गर्व हे मूळ पाप आणि आत्मविलोपन हा त्यावरचा उतारा, हे निदान पुरुषांच्या अनुभवातून आलेले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. स्त्रीचा दोष गर्व हा नसून स्वतःचे असे काही उरूच न देणे हा असण्याचा संभव अधिक, आणि तिला पुन्हा आत्मविलोपनाचाच उपदेश करणे म्हणजे रोग वाढवणे होय.

महाराष्ट्रात हा प्रश्न चोखामेळ्यापाशी येऊन थांबतो. संतपरंपरेतली लीनता ही तिची शोभा मानली जाते, आणि ज्ञानेश्वरांच्या अमानी पुरुषाने मान नाकारणे समजण्यासारखे आहे, कारण त्याला तो मिळत असतो. चोखोबांच्या अभंगातला ‘जोहार’ हा मात्र त्यांनी निवडलेला विनय नव्हता; तो त्यांच्या जातीवर लादलेला रामराम होता, आणि ज्या देवाला तो घातला त्याच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. अभंगांत शब्द लीनतेचे आहेत आणि त्याच शब्दांच्या आडून प्रश्नही विचारलेले आहेत, हे त्यांचे सामर्थ्य. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेवरच्या वादात गांधीजींना दिलेल्या उत्तरात संतांबद्दल स्पष्ट म्हटले होते की, त्यांनी जातिव्यवस्थेविरुद्ध मोहीम उघडली नाही. त्यांची समता देव आणि माणूस यांच्या नात्यापुरती राहिली, माणसामाणसांच्या नात्यात उतरली नाही. त्याच आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला १९४८ सालचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या संतांच्या स्मृतीला अर्पण केला. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या तर व्यक्तीचा आदर आणि तिच्यावर लादलेल्या लीनतेचा नकार एकाच वेळी शक्य आहे, हे दिसते. नम्रतेच्या कोणत्याही मापनीत असे विधान मला अजून आढळलेले नाही, जे निवडलेली नम्रता आणि लादलेली नम्रता यांत फरक करील.

शिक्षणक्षेत्रात अलीकडे ‘बौद्धिक नम्रता’ हा शब्द फार चालतो. आपले मत चुकीचे असू शकते याची जाणीव असणे, असा त्याचा ढोबळ अर्थ. मार्क लिअरी यांची सहा विधानांची आणि एलिझाबेथ क्रमराय-मान्कुसो व स्टीव्हन राउस यांची २२ विधानांची अशा दोन मापन्या विशेष वापरात आहेत. विद्या विनय देते, हे सुभाषित आपल्या शाळांच्या भिंतींवर रंगवलेले असते. ते खरे आहे का, हे तपासायची सोय त्यामुळे झाली. क्रमराय-मान्कुसो आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या निबंधात बौद्धिक नम्रता अधिक असलेल्यांचे सामान्य ज्ञान अधिक आढळले, पण बुद्धीच्या चाचणीशी नम्रतेचा संबंध दिसला नाही. म्हणजे नम्रता आणि ज्ञान यांची संगत आहे, पण कोणामुळे कोण येते हे सांगता येत नाही. सुभाषितातला क्रम उलटाही असू शकेल.

वर्गात मी विद्यार्थ्यांना आठवून सायकलचे चित्र काढायला सांगते. लिव्हरपूलच्या रेबेका लॉसन यांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगावरून ही कल्पना घेतलेली आहे. शाळेत रोज सायकलने गेलेली मुले कागदावर आत्मविश्वासाने दोन चाके काढतात, आणि मग कोणी साखळी पुढच्या चाकाला जोडते, कोणी दोन्ही चाकांचे आस एका सरळ दांडीने बांधून टाकते. ‘आता हँडल वळवून दाखव’ म्हटले की पेन्सिल हवेत थांबते. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी येल विद्यापीठात २००२ साली हेच कपड्यांची चेन (झिप), कुलूप आणि शौचालयाची टाकी अशा वस्तूंबाबत दाखवले होते: वस्तू कशी चालते ते लिहायला लावले की माणसे स्वतःच्या समजेला आधी दिलेले गुण स्वतःच कमी करतात. मला हा प्रयोग मोलाचा वाटतो, कारण येथे कमीपणा माणसाला नाही, त्याच्या एका ठराविक समजुतीला येतो, आणि तो दुसऱ्या कोणी दिलेला नसून कागदाने दाखवलेला असतो. तरीही चित्र फसल्यावर मोकळेपणाने हसणारी मुले कोणती आणि कागद पटकन उलटा करणारी कोणती, हे पाहिले तर पहिल्या बाकांवरची, इंग्रजी माध्यमातून आलेली मुले अधिक सहज हसतात. खेड्यातून आलेल्या मुलीला ‘मला येत नाही’ म्हणणे महाग पडते, कारण तिला येत नसणार असे आधीच धरून चाललेले लोक वर्गात असतात.

संशोधकांच्या स्वतःच्या नम्रतेचीही एकदा परीक्षा झाली आहे. डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितले की, ऐटीत उभे राहिल्याने शरीरात व वागण्यात बदल होतात या आपल्याच गाजलेल्या निष्कर्षावर आता आपला विश्वास राहिलेला नाही. त्यातून प्रेरणा घेऊन ज्युलिया रोरर आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञांना आवाहन केले की, ज्या जुन्या निष्कर्षांवरचा तुमचा विश्वास तुमच्याच पद्धतीतल्या दोषामुळे उडाला असेल, ते नावानिशी कळवा. २०२१ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात अशी १३ निवेदने होती. त्याच निबंधासाठी केलेल्या निनावी पाहणीत मात्र निम्म्याच्या जवळपास संशोधकांनी, आपल्या किमान एका निष्कर्षावरचा विश्वास गमावल्याचे सांगितले होते. पीएच.डी. नुकतीच झालेला, कंत्राटावर शिकवणारा संशोधक नावानिशी पुढे का येत नाही, हे समजायला नम्रतेची मापनी लागत नाही. या विषयातल्या प्रश्नावल्यांच्या पहिल्या पानावर वय, लिंग आणि शिक्षण यांचे रकाने असतात. तिथेच ‘नोकरी कायम की कंत्राटी’ हा आणखी एक रकाना ठेवावा, आणि आपल्याकडे ही मापनी वापरायची असेल तर जातीचाही ठेवावा, अशी माझी सूचना आहे.